मुरुमगुड्याची कमान

३१ ऑक्टोबर १९५५, आलापल्ली

काल कोजागिरीच्या भजनानंतर दूध पिता पिता आमच्या मंडळाने एक वेडेपणा ठरवला. पुढे कोणी म्हणू नये की गुणवंत शिंप्याला चढली होती, म्हणून ही वही काढली. दुधात साखरेशिवाय काही नव्हतं.

आमचं नामदेव भजन मंडळ म्हणजे सात माणसं, एक पेटी आणि नथ्थूचा मृदंग. देवाचं नाव घेण्यापलीकडे आजवर आम्ही कोणाच्या उपयोगी पडलो नाही. पण पोळ्याला डॉक्टर मुठाळ इथे सासुरवाडीला आले होते. नागपूरला डोळ्यांचे मोठे डॉक्टर आहेत. मूळचे चिमूरचे, वडील भजनात वीणा धरायचे, म्हणून आमच्यात येऊन बसले. माझी बायको रुखमा त्यांच्या पाठीच लागली. "डॉक्टरसाहेब, जंगलातले लोक मोतीबिंदूनं आंधये होऊन राह्यले. त्यायचं कोन पाह्यल?"

डॉक्टर म्हणाले, "बाई, मला सुट्टी एका रविवारची आणि तुमच्या जंगलाचा रस्ता तीन दिवसांचा. विमान असतं तर आलो असतो."

हसण्यावारी बोलले ते. पण रुखमाला थट्टा कळत नाही. "मंग इमान कुठी भेटते?" म्हणे.

तर भेटतं! डॉक्टरांचे एक पारशी दोस्त, दस्तूर, नागपूरला पोरांना विमान शिकवतात. दोन माणसांपुरतं लहानसं विमान. डॉक्टरांनी विचारलं आणि ते हो म्हणाले. परवा तसं पत्र आलं, आणि काल ठराव झाला. जागा आम्ही करायची, रोगी आम्ही जमवायचे, डॉक्टर वरून यायचे. जमलं तर दर महिन्याला.

नथ्थू म्हणतो, "आजवर वैकुंठातून इमान याचं ते मानसं न्याले. हे पयलं इमान, जे मानूस आनून राह्यलं." सगळे पोट धरून हसले. कल्पना माझीच आहे, हे इथे नमूद करतो. रुखमा फक्त बोलली.

४ नोव्हेंबर

बाजारातल्या सुयांची नेढी दर खेपेला बारीक होत चालली आहेत. विकणारे लबाड, बनवणारे त्याहून लबाड. रुखमा बिचारी रोज सकाळी दहा सुयांत दोरा ओवून माझ्या गादीपाशी टोचून ठेवते आणि मग कामाला जाते. लग्नाला तीस वर्षं झाली, पण हा लाड दोन वर्षांपासूनचा. बायका उतारवयात मऊ होतात म्हणतात, ते खोटं नाही.

अक्षर मी हल्ली मोठं काढतो. मोठं अक्षर शोभतं. वही मात्र लवकर भरेल.

१० नोव्हेंबर

नथ्थूला घेऊन बैलगाडीने मुरुमगुड्याला जाऊन आलो. चौदा मैल. आलापल्लीत सागाखेरीज मोकळी जागा नाही, तिथे मात्र गावाच्या उशाला सपाट, घट्ट मुरमाची जमीन आहे. माडिया लोकांचं गाव. त्यांचा मुखिया लालसू. साऱ्यांना 'तू'च म्हणतो, उद्या कलेक्टर आला तरी म्हणेल.

गाडीतून उतरलो तसा त्याने माझा हात धरला, तो परत गाडीत बसेपर्यंत सोडला नाही. नाल्यातून, दगडांवरून, हात धरूनच. या लोकांत पाहुण्याला असं हात धरून न्यायची रीत दिसते. फार गोड रीत आहे, आपल्यात नाही. नथ्थूचा हात मात्र कोणी धरला नाही. मृदंगवाल्याचा मान तेवढाच.

लालसूची बायको मंगली चार वर्षांपासून आंधळी. काठीचं एक टोक ती धरते, दुसरं लालसू. झऱ्यावर जायचं तर तसं, मोहफुलं वेचायची तर तसं. ती चाचपून वेचते आणि लालसू टोपली सरकवतो.

मी सगळं समजावून सांगितलं. लालसूने ऐकून घेतलं. "शब्द देनारे लय आले, दादा. एक रस्ता देतो म्हनून गेला, एक हीर देतो म्हनून गेला. तू काय देते?"

"डोळे देतो," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. आता शब्द दिला तो दिला.

२२ नोव्हेंबर

दस्तूरसाहेबांचं पत्र आलं. अहेरीच्या पोस्टमनने वाचून दाखवलं, शाई पाणचट होती. चारशे वार लांब आणि तीस वार रुंद पट्टी पाहिजे. खुंट नको, खड्डा नको, बांध नको. वार म्हणजे तर माझा जन्माचा धंदा! कपड्याची फीत घेऊन गेलो आणि स्वतः मोजली. नथ्थू मध्ये मध्ये खुणा करत होता.

तीनशे वारांपर्यंत पडीक जागा पुरली. पुढचे शंभर वार लालसूच्या धानाच्या बांध्यांतून जातात. आठ धुरे, म्हणजे बांध, फोडावे लागणार. धुरे गेले म्हणजे पाणी थांबणार नाही, धान होणार नाही. पावसाळ्याआधी पुन्हा घालायचे तर दोन महिन्यांची मेहनत.

मी म्हणालो, "राहू दे, दुसरी जागा पाहू."

लालसूने कुदळ उचलली आणि पहिला धुरा स्वतः फोडला. मग म्हणाला, "मंगलीले सांगू नको. कावते मले."

माणसाने आपलं येत्या वर्षाचं पोट माझ्या एका शब्दावर ठेवलं. माझ्या! मी शर्टाची तारीख पाळत नाही, गावाला माहीत आहे.

४ डिसेंबर

यादी झाली. आसपासच्या पाच गावांतून बारा जण. एका दिवसात बारांहून जास्त होणार नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं आहे. पहिलं नाव मंगली.

रुखमा म्हणते, "तेरावी जागा राखून ठेवा."

"कोणासाठी?"

"हाय एक हट्टी म्हातारा."

कोण ते सांगेना. तिचा चांद्याचा मामा असावा. त्याच्याइतका हट्टी माणूस मी पाहिला नाही.

१६ डिसेंबर, मुरुमगुडा

परवा रविवार. आम्ही सातही जण आणि रुखमा आलो आहोत. डॉक्टरांच्या नर्स इंदुताई औजारं घेऊन मोटारीने निघाल्या आहेत, उद्यापर्यंत पोचतील. ऑपरेशन झाल्यावर रोग्यांची देखभाल करायला त्या इथेच राहणार.

आज कमान उभी केली. ही पण माझीच सूचना. एवढा पाहुणा आकाशातून येणार आणि कमान नाही? लग्नातला दूरचा व्याहीसुद्धा कमानीखालून येतो! बांबू लालसूच्या लोकांनी दिले. काय सुरेख बांधलीय, दोन पुरुष उंच, आंब्याच्या डहाळ्या, मोराची पिसं. वर मी शिवलेलं लाल कापड, त्यावर पांढऱ्या चिंध्यांची अक्षरं, सुस्वागतम. पट्टीच्या अगदी मधोमध लावली, म्हणजे विमान समोर येऊन थांबेल आणि डॉक्टर उतरून खालून चालत येतील.

रुखमा म्हणाली, "अवो, इमान बैलगाडीसारखं जागच्या जागी थांबते काय?"

मी म्हटलं, बाईमाणसाने यंत्राच्या गोष्टीत पडू नये.

१९ डिसेंबर, घरी

लिहावं की नाही, सकाळपासून विचार करून राहिलो. पण ही वही मी खरं लिहायला काढली.

काल आठ वाजेपर्यंत चारशे माणसं जमली होती. बारा रोगी मांडवात बसलेले. इंदुताईंचा पत्ता नव्हता, नदीवर डोंगा अडला म्हणून निरोप आला. नऊच्या सुमारास आवाज आला. पोरं झाडांवर चढली. विमान दिसलं म्हणतात सगळे. मला उन्हाने नीट दिसलं नाही, पण आवाज डोक्यावरून गेला आणि अंगावर काटा आला. आम्ही भजन सुरू केलं. माडिया बायकांनी हातात हात गुंफून पट्टीवरच नाच धरला.

विमान एकदा फिरलं, दोनदा फिरलं. तिसऱ्यांदा अगदी खाली आलं आणि वरून एक डबा पडला. नथ्थू धावत घेऊन आला. आत चिठ्ठी. नथ्थूला छापील तेवढं वाचता येतं, हातचं नाही. बाकीच्यांचा आनंदच. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी कागद उघडला. त्यावर काही नव्हतं. म्हणजे होतं, पण धुक्यात मुंग्या फिराव्या तसं. लांब धरला, जवळ धरला. चारशे माणसं बघत होती. लालसू शेजारी उभा. आणि मी, भजन मंडळाचा अध्यक्ष, चौथी पास, मोठ्याने म्हणालो, "डॉक्टरसाहेब म्हणतात, स्वागत पाहून फार आनंद झाला. भजन आणखी जोरात होऊ द्या!"

जोरात झालं. नाच आणखी रंगला. विमान चार-पाच घिरट्या घालून पंख हलवून निघून गेलं. आम्हाला वाटलं वळून येईल. आवाज बारीक होत गेला. मंगली मांडवातून विचारत होती, "उतरला काय? उतरला काय?"

दुपारी इंदुताई पोचल्या. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली आणि सरळ वाचली. "गुणवंतराव, पट्टीच्या मधोमध कमान आहे. तशात उतरता येत नाही. कमान पाडा, माणसं बाजूला करा. वीस मिनिटं थांबतो, मग पेट्रोल पुरणार नाही."

कोणी मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. लालसूने मंगलीच्या काठीचं टोक धरलं आणि दोघं घराकडे गेले. मी गाडीत जाऊन बसलो. त्याला तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

२० डिसेंबर

आज सकाळीही दहा सुया ओवलेल्या होत्या. मी एक उचलली, दोरा काढून टाकला आणि खिडकीत बसून पुन्हा ओवायला लागलो. अर्धा तास बसलो होतो.

सुया चांगल्या आहेत.

२४ डिसेंबर

डॉक्टरांना पत्र टाकलं. सगळं खरं लिहिलं. मला दिसत नाही हेसुद्धा. दोन वाक्यांनी पान भरलं.

४ जानेवारी १९५६

डॉक्टरांचं उत्तर आलं. पोस्टमनने वाचलं. दस्तूरसाहेब आठ दिवस रागात होते, मग त्यांना हसू फुटलं म्हणे, आकाशातून सुस्वागतम फार छान दिसत होतं. बावीस तारखेला येतील. पण एवढी एकच खेप, पुन्हा विचारू नका, असंही लिहिलं आहे. इंदुताई यायला तयार आहेत.

आता लालसूला सांगायला कोण जाईल? मीच.

८ जानेवारी, मुरुमगुडा

वाटलं होतं, धुरे घालून झाले असतील. पण पट्टी होती तशीच होती, झाडून लख्ख. कमानीचे बांबू चिरून रोग्यांना निजायला बाजा केल्या आहेत. मी विचारलं, "तुला कसं माहीत, पुन्हा येतील म्हणून?"

"माहीत नाई," लालसू म्हणाला. "पर तू येशील मनून माहीत होतं."

मग मी सांगून टाकलं. "लालसू, मले चिठ्ठी वाचता नाई आली. मले दिसत नाई. मी खोटं बोललो."

तो म्हणाला, "होय."

"होय काय? तुला माहीत होतं?"

"पयल्यांदा आला तवा तू मोहाच्या खोडाले जोहार घातला. दोनदा घातला. खोड बोललं नाई मनून रागावला बी. तवाच मी तुहा हात धरला."

मी म्हटलं, "म्हणजे पाहुण्याचा हात धरायची तुमची रीत नाही?"

"डोये असलेल्याचा कायले धरन, दादा?"

मंगली आत बसून ऐकत होती. ती इतकी हसली, इतकी हसली की तिला ठसका लागला. मग मीही हसलो. हसता हसता कधी रडायला लागलो ते कळलं नाही. लालसूने पाणी आणून दिलं.

२३ जानेवारी, मुरुमगुडा

काल विमान उतरलं! पट्टीवर एक कुत्रंसुद्धा नव्हतं, लालसूने सगळ्यांना झाडीमागे बसवलं होतं. भजनसुद्धा नाही. मी हात जोडून उभा होतो, मृदंगासारखं काळीज वाजत होतं. धुरळ्यातून डॉक्टर आले आणि पहिलं वाक्य बोलले, "कमान कुठे आहे?"

गोटूलच्या, म्हणजे गावच्या तरुण पोरापोरींच्या जमायच्या, लांब झोपडीत ऑपरेशनं झाली. पहिली मंगली. दुपारचे तीन वाजेपर्यंत बारा झाली. साडेचारला विमान निघालंच पाहिजे, अंधारात नागपूर गाठता येत नाही. डॉक्टर हात धूत म्हणाले, "एकाला वेळ आहे. रुखमाबाई, तुमचा तेरावा कोण?"

रुखमाने माझा दंड धरला आणि पुढे ढकललं. हट्टी म्हातारा म्हणजे मी!

डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं. दोन्ही डोळ्यांत पिकलेले मोतीबिंदू. "बसा," म्हणाले. ताटलीत सुरी वाजली.

तेवढ्यात दारात कोलू नावाचा एक म्हातारा आला. नदीपलीकडून दोन दिवस चालत आला होता, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. यादीत त्याचं नाव नव्हतं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, वाटेत ऐकलं म्हणाला. मी उठलो आणि म्हणालो, "याचं करा. मी इथलाच आहे."

सगळे वाहवा करायला लागले. नथ्थूने तर माझे पाय धरले. पण या वहीत खोटं एकदाही लिहायचं नाही असं ठरवलं आहे. अर्धी दया होती. अर्धी भीती. ती सुरी वाजली तेव्हापासूनच मी उठायला निमित्त शोधत होतो.

रुखमाला दया दिसलीच नाही. ती सरळ अंगावर आली. "भेव लागलं तुमाले! दोन वर्षं झाले, नागपूरले चाला म्हनून राह्यली मी. तं म्हने सुयाच बारीक हायेत! पोळ्याले डॉक्टरच्या पाया पडली, ते कोनासाठी? इमान काय मले बसाले पायजे होतं? तुमी दवाखान्यात जात नाई मनून दवाखाना आनला इथवर, आन तुमी उठून उभे राह्यले?"

सगळ्यांसमोर बोलली. तीन महिने मी हे सारं माझंच समजत होतो. कल्पना माझी, मंडळ माझं, शब्द माझा. आणि ही बाई एका माणसाच्या दोन डोळ्यांसाठी आभाळ खाली आणून राहिली होती, आणि ते दोन डोळे माझे होते. मी तिथेच बाजेवर बसून रडलो.

कोलूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर विमानाकडे निघाले तर रुखमा आधीच विमानापुढे जाऊन उभी. दस्तूरसाहेब म्हणाले, "बाई, बाजू व्हा नी, पंखा चालू करायचा छे."

"तारीख सांगा, मंग चालू करा."

"एकच खेप ठरली हुती."

"एक मानूस राह्यला ना बाप्पा. काम असं अर्ध्यावर टाकून जातेत काय?"

दस्तूरसाहेबांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी झाडीकडे पाहिलं. कोलूसारखे आणखी सात-आठ म्हातारे तिथे येऊन बसले होते. कधी आले कोणाला माहीत. डॉक्टर म्हणाले, "एकोणीस फेब्रुवारी." रुखमा बाजूला झाली.

३१ जानेवारी, मुरुमगुडा

हे आठ दिवस इंदुताईंनी आम्हाला भजन करू दिलं नाही. मृदंगाने रोगी दचकतात म्हणे. तेरा माणसं पट्ट्या बांधून ओळीने पडलेली, आणि आम्ही सात टाळकरी त्यांना पेज भरवून राहिलो होतो. एवढी सेवा मंडळाच्या हातून जन्मात घडली नव्हती.

आज पट्ट्या सोडल्या. मंगलीला जाड भिंगांचा चष्मा लावला. ती कितीतरी वेळ लालसूकडे पाहत राहिली, त्याच्या गालावरून हात फिरवला. लालसू जमिनीकडे पाहत होता. मग ती उठली, कोणाचा हात न धरता दारापर्यंत गेली, बाहेर पाहिलं आणि जी ओरडली! माडियात ओरडली, पण मला अक्षर न् अक्षर समजलं. धुरे कोणी फोडले, वर्षभर खायचं काय, तुला अक्कल आहे का. लालसू पुढे आणि ती मागे. काठी तिच्याच हातात होती. इंदुताई मागून ओरडत होत्या, "बाई, पळू नका हो, डोळ्याला धक्का लागंल!"

धुरे पुन्हा घालायला आमचं सगळं मंडळ चैतात येणार आहे. विमानाच्या जागेसाठी गावाने पडिकातच झाडीच्या बाजूने शंभर वार आणखी मोकळे करायचं ठरवलं.

निघताना लालसूने एक दोरी आणली. एकोणीस गाठी मारलेली. रोज एक सोडायची, संपली की यायचं, अशी त्यांची तारीख धरायची पद्धत. ही रीत मात्र खरीच आहे, मी तिघांना विचारून घेतलं. मी हात पुढे केला, तर त्याने दोरी रुखमाला दिली.

"तुह्यापाशी नाई देत," म्हणाला. "तू पुन्हा कोनाले नंबर देऊन टाकशील."

रुखमाने दोरी आपल्या पदराच्या टोकाला बांधून घेतली. गाडीत मी दोनदा मागितली, नुसती हातात धरून पाहायला. तिने दिली नाही. हा माणूस गाठी सोडायच्या सोडून वाढवून ठेवील म्हणते, आणि तीस वर्षांत ती मला तेवढं ओळखते.